प्रसूती कक्षातील पोस्टिंग आणि कमी ऐकू येणारी विद्यार्थिनी: नेमकी व्यवस्था कशी लावावी?

प्रश्न विचारणारी: पाठ्यनिर्देशिका, प्रसूतिशास्त्र

सर्वांना नमस्कार. मी एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या नर्सिंग महाविद्यालयात प्रसूतिशास्त्र शिकवते आणि विद्यार्थिनींच्या रुग्णालयातील पोस्टिंगची जबाबदारीही माझ्याकडे आहे. बी.एस्सी. नर्सिंगच्या सहाव्या सत्रातील माझ्या एका विद्यार्थिनीला लहानपणीच्या कानाच्या आजारामुळे दोन्ही कानांनी कमी ऐकू येते. ती दोन्ही कानांत श्रवणयंत्रे लावते, समोरच्याच्या ओठांकडे पाहून बरेचसे समजून घेते आणि वर्गात पहिल्या पाचांत असते. सर्वसाधारण प्रवर्गातून गुणवत्तेवर तिला प्रवेश मिळाला. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र तिच्याकडे नाही, कारण तपासणीत तिची श्रवणक्षमता प्रमाणपत्राच्या निकषाइतकी कमी भरली नाही.

मेडिकल आणि सर्जिकल वॉर्डातील पोस्टिंग फारशी अडचण न येता पार पडली. प्रसूती कक्षात मात्र दुसऱ्याच दिवशी प्रसंग घडला. मास्क लावलेल्या डॉक्टरांनी पाठीमागून ऑक्सिटोसिनचे (गर्भाशयाचे आकुंचन वाढवणाऱ्या औषधाचे) सलाईन थांबवायला सांगितले, तिला ते ऐकू गेले नाही, आणि शेजारच्या सिस्टरने धावत येऊन ते बंद केले. रुग्णाला काही अपाय झाला नाही, परंतु त्या दिवसापासून इन्चार्ज सिस्टरांनी तिला टेबलाजवळ उभे राहू दिलेले नाही. गेले नऊ दिवस ती प्रसूती नोंदवहीत नावे लिहिते आणि बाळांच्या मनगटाला बांधायच्या पट्ट्या तयार करते. तिच्या केस बुकात एकही प्रसूती चढलेली नाही.

इन्चार्ज सिस्टरांबद्दल माझी तक्रार नाही. त्या मला म्हणाल्या, "मॅडम, मुलगी गुणी आहे, पण उद्या बाळाचे ठोके तिला ऐकू आले नाहीत तर उत्तर मला द्यावे लागेल." त्यांचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही, आणि विद्यार्थिनीच्या डोळ्यांकडेही मला पाहवले नाही. ज्यांनी अशा विद्यार्थिनींना प्रत्यक्ष वॉर्डात शिकवले आहे त्यांनी कृपया सांगावे की कोणती व्यवस्था खरोखर चालते, प्रमाणपत्र नसताना तिला काही मागण्याचा हक्क आहे का, आणि तिचे मूल्यमापन करताना मी कोणता निकष लावावा.

---

निवृत्त परिसेविका, प्रसूती कक्ष

पाठ्यनिर्देशिका मॅडम, मी नोकरीची सत्तावीस वर्षे प्रसूती कक्षात काढली, त्यांपैकी शेवटची अकरा इन्चार्ज म्हणून. त्यामुळे तुमच्या इन्चार्ज सिस्टरांची भीती मला आतून ठाऊक आहे. रात्रपाळीला दोन सिस्टर, चारही टेबले भरलेली आणि त्यात पोस्टिंगवर आलेल्या आठ मुली, अशा वेळी इन्चार्जला वाटते की जिच्याबद्दल शंका आहे तिला कडेला बसवावे. हे निर्दयपणाने होत नाही, परंतु त्या मुलीचे शिक्षण मात्र तिथेच थांबते.

पहिली गोष्ट अशी की तिला काय साध्य करायचे आहे आणि ते करण्याची आपली नेहमीची पद्धत कोणती आहे, या दोन गोष्टी वेगळ्या करा. बाळाचे ठोके अचूक मोजणे, ते मिनिटाला 110 ते 160 यांच्या दरम्यान आहेत की नाहीत हे ओळखणे, कळेनंतर ते घसरतात का हे पाहणे आणि घसरले तर ताबडतोब कळवणे, हे साध्य आहे. पिनार्डचा फीटोस्कोप (पोटावर टेकवून ठोके ऐकायची नळी) कानाला लावणे ही केवळ पद्धत आहे. हाताचा डॉप्लर, म्हणजे ध्वनिलहरींनी बाळाचे ठोके टिपणारे छोटे यंत्र, आता बहुतेक सरकारी प्रसूती कक्षांत असतो, त्याचा आवाज मोठा करता येतो आणि पडद्यावर आकडाही दिसतो. श्रवणयंत्र लावणाऱ्या अनेकांना डॉप्लरचा आवाज स्पष्ट ऐकू येतो, तुमच्या मुलीला येतो का हे आधी तपासा. शिवाय डॉप्लर कुठे टेकवायचा हे कान सांगत नाहीत, हात सांगतात. बाळाची पाठ कोणत्या बाजूला आहे हे पोट चाचपून ज्या मुलीला अचूक कळते, तिचे अर्धे काम तिथेच झालेले असते.

केवळ पडद्यावरील आकड्यावर मात्र कोणीही विसंबू नये, ऐकू येणाऱ्यानेही नाही. डॉप्लर कधी आईच्याच नाडीचे ठोके दाखवतो, कधी खरा आकडा दुप्पट किंवा निम्मा करून दाखवतो. म्हणून एका हाताने आईची मनगटाची नाडी धरून दोन्ही आकडे वेगळे आहेत याची खात्री करायची, आणि कळ ओसरल्यावर पूर्ण एक मिनिट पडद्यावरून नजर हलवायची नाही. मी माझ्या एका विद्यार्थिनीसाठी असे केले होते की पहिल्या दहा रुग्णांच्या बाबतीत तिने मोजलेला आकडा ती एका चिठ्ठीवर लिही, मी माझा आकडा दुसऱ्या चिठ्ठीवर लिही, आणि मग दोन्ही शेजारी ठेवून आम्ही पाहत असू. आठव्या रुग्णाला माझ्या आणि तिच्या आकड्यांत चौदाचा फरक पडला. पुन्हा मोजले तेव्हा चूक माझी निघाली, मी घाईत अर्ध्या मिनिटाचे दुप्पट केले होते. त्यानंतर तिच्या ऐकण्याविषयी त्या कक्षात कोणी शंका काढली नाही.

दुसरी गोष्ट तोंडी आदेशांची. तुम्ही लिहिलेल्या प्रसंगात दोष तिच्या कानांचा जितका, तितकाच पाठीमागून, नाव न घेता दिलेल्या आदेशाचा आहे. प्रसूती कक्षात नियमच करून टाका की आदेश देणाऱ्याने आधी नाव घ्यायचे किंवा खांद्याला स्पर्श करायचा, आणि घेणाऱ्याने तोच आदेश मोठ्याने उलट म्हणून दाखवायचा. बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटाच्या आत जे इंजेक्शन द्यायचे असते त्यासाठी "ऑक्सिटोसिन दहा युनिट, स्नायूत" असे डॉक्टर म्हणतील, मुलगी तेच शब्द परत म्हणेल आणि मगच सिरिंज उचलेल. गोंगाटात चांगले कान असलेल्या सिस्टरांनाही आदेश चुकीचे ऐकू येतात, त्यामुळे या सवयीचा लाभ सगळ्यांनाच होतो.

नवजात बाळाच्या बाबतीतही तसेच आहे. बाळ रडले की नाही हे ऐकावे लागते अशी समजूत आहे, परंतु छाती हलते आहे का, अंग घट्ट आहे की लुळे, हे डोळ्यांनीच पाहायचे असते. ठोके मोजताना नाळेच्या बुडाशी दोन बोटांत स्पंदन धरायचे, सहा सेकंद मोजून दहाने गुणायचे, आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने तोच ताल वॉर्मरच्या (बाळाला उबदार ठेवणाऱ्या टेबलाच्या) गादीवर ठोकत राहायचा, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या सर्वांना तो दिसतो. ही पद्धत कोणा दिव्यांगासाठी काढलेली नाही, नवजात पुनरुज्जीवनाच्या प्रशिक्षणात ती सर्वांनाच शिकवली जाते.

---

अधिपरिचारिका, रात्रपाळी

वरचे सगळे वाचून समाधान वाटले, तरीही मला एक अडचण मांडायची आहे, ती कृपया विरोध समजू नये. रात्री तीन वाजता डॉप्लरची बॅटरी संपलेली असते, आणि श्रवणयंत्राची बॅटरीही त्याच वेळी संपू शकते. त्या क्षणी आई टेबलावर असते. अशा वेळी जबाबदारी कोणाची, हे आधी ठरलेले नसेल तर पुन्हा सगळे बोट त्या मुलीकडेच दाखवतील. पोस्टिंगवर आलेल्या विद्यार्थिनींना आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कामाचा एक हात म्हणूनच मोजतात, हेही विसरून चालणार नाही.

---

निवृत्त परिसेविका, प्रसूती कक्ष

ताई, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तरही तुम्हीच अर्धे दिले आहे, ते म्हणजे आधी ठरवणे. डॉप्लरची बॅटरी ही कक्षाची जबाबदारी आहे, दर पाळीला ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे काम सोपवताना, ऑक्सिजन सिलिंडर आणि इमर्जन्सी ट्रे तपासतो त्याच यादीत ती घालावी. श्रवणयंत्राच्या बॅटऱ्यांची एक जादा जोडी मुलीने एप्रनच्या खिशात ठेवावी, ही तिची जबाबदारी. शस्त्रक्रियागृहातली (ओ.टी.ची) टोपी कानावरून ओढली की यंत्र दाबले जाऊन शिट्टी वाजते आणि मग काहीच ऐकू येत नाही, म्हणून टोपीची एक नंबर मोठी साईज किंवा मागे बांधायची टोपी तिला द्यावी. विद्यार्थिनीला मोजणीतला हात धरू नये हे तर सर्वच विद्यार्थिनींच्या बाबतीत खरे आहे. दिव्यांग विद्यार्थिनीच्या निमित्ताने ते उघड होते इतकेच.

---

अध्यापक, दिव्यांग हक्क विषयाचे काम

प्रमाणपत्राविषयी विचारले आहे म्हणून कायद्याची बाजू मांडतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्यापूर्वीच्या 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, आता अनुसूचीत 21 आहेत. श्रवणदोषाच्या बाबतीत, बोलण्याच्या वारंवारितांमध्ये दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबल इतकी घट असेल तर त्या व्यक्तीला कमी ऐकू येणारी म्हटले जाते. तुमची विद्यार्थिनी बहुधा या रेषेच्या अलीकडे असावी.

परंतु कायद्यात दोन वेगळ्या संकल्पना आहेत आणि महाविद्यालयांच्या कार्यालयांत त्या नेहमी एकत्र केल्या जातात. 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. उच्च शिक्षणातील किमान 5 टक्के जागा या अटीवर मिळतात. वाजवी सोय मिळण्याचा हक्क मात्र या टक्केवारीशी बांधलेला नाही. दीर्घकाळ टिकणारी कमतरता आणि भोवतालचे अडथळे यांच्यामुळे ज्या व्यक्तीच्या समान सहभागाला बाधा येते, ती या कायद्याच्या व्याख्येनुसार दिव्यांग व्यक्ती आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये, लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका परीक्षार्थीच्या प्रकरणात, 40 टक्क्यांचे प्रमाण नसले तरी लेखनिक नाकारता येणार नाही, आणि सोय त्या त्या व्यक्तीच्या गरजेनुसार ठरवली पाहिजे, असे स्पष्ट केले. शासनाकडून अनुदान किंवा मान्यता मिळालेल्या शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करावी, असे या अधिनियमाच्या कलम 16 मध्ये म्हटले आहे. तुमचे महाविद्यालय त्यात येते.

नर्सिंगच्या बाबतीत एक गाठ अजून सुटलेली नाही, ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. भारतीय परिचर्या परिषदेने बी.एस्सी. नर्सिंगच्या नियमांत दिव्यांगांसाठीचे आरक्षण पायाच्या 40 ते 50 टक्के अस्थिव्यंगापुरते धरले आहे. त्यामुळे कमी ऐकू येणारे, कमी दिसणारे किंवा अध्ययन अक्षमता असणारे विद्यार्थी आरक्षणातून येतच नाहीत. ते सर्वसाधारण गुणवत्तेतून येतात आणि मग आपली अडचण लपवत राहतात. वैद्यकीय शिक्षणात असाच टक्केवारीचा प्रश्न होता. ऑक्टोबर 2024 मध्ये, मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या एका एम.बी.बी.एस. प्रवेशाच्या प्रकरणात, न्या. भूषण गवई यांच्या पीठाने सांगितले की केवळ टक्केवारी पाहून विद्यार्थ्याला अपात्र ठरवता येणार नाही. त्या व्यक्तीच्या दिव्यांगत्वामुळे अभ्यासक्रम पूर्ण करण्यात खरोखर बाधा येते का हे दिव्यांगत्व तपासणाऱ्या मंडळाने पाहिले पाहिजे आणि नकार द्यायचा असेल तर कारणे लिहिली पाहिजेत. निकाल वैद्यकीय प्रवेशाचा असला तरी तुमच्या इन्चार्ज सिस्टरांना हीच विचाराची दिशा दाखवता येईल. तिला कोणते काम जमत नाही, ते कशावरून ठरवले, आणि कोणती सोय करून पाहिली, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे नसताना नऊ दिवस कडेला बसवणे कायद्याला धरून नाही.

तक्रारीची वेळ आली तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय आहे. पण माझा अनुभव असा की मुलीच्या उपस्थितीत, सौजन्याने घेतलेली एक बैठक तक्रारीपेक्षा लवकर फळ देते, म्हणून आधी ती घ्या.

---

स्टाफ नर्स, मूळची गडचिरोली

मला ऐकण्याचा त्रास नाही, पण ही चर्चा वाचून लिहावेसे वाटले. मला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, एसएस प्रकारचा, म्हणजे मी नुसती वाहक नाही, रुग्ण आहे. आमच्या भागात हा आजार घरोघरी माहीत आहे, 2016 च्या कायद्यात तो दिव्यांगत्वाच्या यादीतही आहे, तरीही जी.एन.एम.ची (नर्सिंग पदविकेची) तीन वर्षे मी तो जवळजवळ लपवून काढली. वाहक आणि रुग्ण यांतला फरक वर्गात सर्वांना शिकवला जात होता, पण शेवटच्या बाकावर एक रुग्ण बसलेली आहे हे कोणाला ठाऊक नव्हते.

त्रास व्हायचा तो तीन ठिकाणी. पहिले ऑपरेशन थिएटर, कारण तिथला एसी. थंडीने माझ्या हाडांत कळा सुरू होतात आणि गाऊनखाली स्वेटर घालायला परवानगी नव्हती. दुसरे सलग नाईट ड्यूटी. तिसरे मे महिन्यातले कम्युनिटी पोस्टिंग, दुपारी बारापर्यंत गावात घरोघरी फिरायचे आणि पाण्याची बाटली वर्गशिक्षिकेच्या गाडीत. शरीरातले पाणी कमी झाले की सिकलसेलच्या रुग्णाला वेदनेचा झटका येतो, हे आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमच मला म्हणाल्या होत्या की नर्सने इतके नाजूक असून चालत नाही. त्या दिवशी संध्याकाळी मी त्याच रुग्णालयात, आमच्याच मुलींच्या वॉर्डात, सलाईन लावून पडले होते. माझ्या कॉटवरचा केसपेपर माझ्याच बॅचच्या मुलीने लिहिला.

तिसऱ्या वर्षाला नव्या पाठ्यनिर्देशिका आल्या. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, "बाळा, तुला काय लागतं ते मला सांग, बाकीचं मी बघते." हे वाक्य मला अजून पाठ आहे. लागत होते ते फार थोडे होते. पाण्याची बाटली स्वतःजवळ ठेवायची, दर दोन तासांनी पाच मिनिटे पाणी प्यायला जायचे, गाऊनखाली पूर्ण बाह्यांचा धुतलेला स्क्रब घालायचा, आणि सलग सहा रात्रींऐवजी दोन-दोन रात्री विभागून घ्यायच्या. तास तेवढेच भरले, एकही सवलतीचा तास मी घेतला नाही. त्या वर्षात मला एकदाही भरती व्हावे लागले नाही.

म्हणून मॅडम, माझी विनंती एवढीच की तुमच्या विद्यार्थिनीला विचारल्याशिवाय तिच्यासाठी काहीही ठरवू नका, आणि तिची माहिती कोणाकोणाला द्यायची हेही तिच्याच संमतीने ठरवा. माझा आजार एकदा उघड झाल्यावर वॉर्डातल्या मावशींपर्यंत पोहोचला आणि माझ्या लग्नाच्या बोलण्यांत तो दुसऱ्यांकडून आला. इन्चार्ज सिस्टरांना फक्त तिला काय लागते हे कळले तरी पुरते, तिचा सगळा इतिहास कळण्याची गरज नसते.

---

नर्स, सध्या इंग्लंडमध्ये

मी सोलापूरची, गेली सहा वर्षे इथल्या एका रुग्णालयात काम करते आणि विद्यार्थ्यांवर देखरेखही करते. इथली व्यवस्था जशीच्या तशी आपल्याकडे आणता येणार नाही, परंतु दोन गोष्टी उपयोगी पडतील असे वाटते.

इथे नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलच्या 2018 च्या मानकांनुसार विद्यार्थी कर्मचारी-संख्येत धरला जात नाही, आणि त्याला रोज शिकवणारी व्यक्ती व त्याचे मूल्यमापन करणारी व्यक्ती वेगवेगळ्या असतात. याचा दिव्यांग विद्यार्थ्याला मोठा आधार वाटतो, कारण जिच्याकडे मदत मागायची तीच गुण देणार ही भीती राहत नाही. आपल्याकडे तुम्ही निदान एवढे करू शकाल की रोजचे शिकवणे वॉर्डातील एका ठरावीक सिस्टरांकडे द्यावे आणि मूल्यमापन स्वतःकडे ठेवावे.

दुसरी गोष्ट, निकष इथेही शिथिल होत नाही. समानता कायदा 2010 प्रमाणे सोय द्यावीच लागते, पण प्रावीण्य सगळ्यांना सारखेच दाखवावे लागते. मिडवाइफरीच्या विद्यार्थिनीला 40 प्रसूती स्वतः कराव्या लागतात, आणि श्रवणयंत्र लावणारीलाही त्या 40 कराव्याच लागतात. माझ्या देखरेखीखाली डिस्लेक्सिया (वाचन-लेखनात अडचण आणणारी अध्ययन अक्षमता) असलेला एक विद्यार्थी होता. त्याला औषधांचा तक्ता वाचायला रंगीत पारदर्शक पट्टी आणि औषध-फेरीला जास्त वेळ दिला, शांत कोपऱ्यात डोसचे गणित करू दिले, पण डोस चुकला तर चुकलाच असे मी धरले. सुरुवातीला त्याला ते कठोर वाटले. पुढे त्यानेच सांगितले की दयेने पास केले असते तर पहिल्या नोकरीत त्याला स्वतःवर विश्वास ठेवता आला नसता.

---

प्रश्न विचारणारी: पाठ्यनिर्देशिका, प्रसूतिशास्त्र

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. गडचिरोलीच्या ताईंचे उत्तर वाचून मी आधी विद्यार्थिनीला बोलावले आणि प्रथमच तिला विचारले की तुला काय लागते. मला वाटले होते की ती यंत्रांविषयी बोलेल. ती म्हणाली, "मॅडम, मला न सांगता बाजूला करू नका. चुकले तर तोंडावर सांगा, मी ओठ वाचते, तोंड वळवून बोललेलेच मला कळत नाही."

काल प्राचार्य, इन्चार्ज सिस्टर, विद्यार्थिनी आणि मी अशी बैठक झाली. दोन पानी कागद तयार केला असून त्यावर चौघांच्या सह्या आहेत. डॉप्लरने ठोके मोजणे, पहिल्या दहा रुग्णांच्या बाबतीत दोन चिठ्ठ्या, नाव घेऊन आदेश आणि उलट उच्चार, बॅटरीची नोंद ओव्हरच्या यादीत, टोपीची साईज, आणि बुडालेले नऊ दिवस सत्रअखेरीस भरून देणे, एवढे त्यात आहे. रोज शिकवण्याचे काम सकाळपाळीच्या एका सिस्टरांनी आपणहून स्वीकारले. पहिले पंधरा दिवस तिला फक्त सकाळच्या पाळीत ठेवावे आणि नंतर रात्रपाळीचा निर्णय पुन्हा चौघांनी बसून घ्यावा, ही इन्चार्ज सिस्टरांची सूचना मला रास्त वाटली आणि विद्यार्थिनीनेही ती मान्य केली.

एक मुद्दा अडला आहे. शस्त्रक्रियागृहात सिझेरियनच्या वेळी सर्वांच्या तोंडावर मास्क असतो आणि ओठ दिसत नाहीत. पारदर्शक खिडकीचे मास्क वॉर्डात बोलताना चालतील, परंतु टेबलाजवळ निर्जंतुक क्षेत्रात चालतील अशा दर्जाचे आमच्या भांडारात नाहीत. तोवर सर्क्युलेटिंग सिस्टरांनी (निर्जंतुक क्षेत्राबाहेरून मदत करणाऱ्या सिस्टरांनी) छोट्या पांढऱ्या फळीवर लिहून दाखवावे आणि स्पंज मोजणी बोटांनी दाखवून दोघींनी मिळून करावी, असे ठरवले आहे. कोणी याहून चांगला मार्ग वापरला असेल तर सोमवारपूर्वी कळवावे, कारण तिचे थिएटरचे पोस्टिंग सोमवारी सकाळी आठला सुरू होते.